कानशीचे दिवस

बिदरीचं, म्हणजे काळ्या धातूत चांदीची नक्षी ठोकायचं, काम मध्येच सोडून उठता येतं का? कुठला टप्पा चालू आहे, त्यावर ठरतं. कानस चालू असेल तर खुशाल उठावं, दोन दिवसांनी परत बसावं. धातूला काही फरक पडत नाही. खोदकाम चालू असेल तर निदान हातातली रेघ पुरी करून उठावं. चांदी ठोकत असाल तर ती पाकळी भरेपर्यंत नाही. आणि काळं करायचं काम निघालं असेल, शेगडी पेटलेली असेल, तर घरून फोन आला तरी वाजू द्यायचा. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेली माझी भाची आपला अभ्यास, आपली कारागिरी आणि आपली झोप या हिशेबानं लावते. तिच्या आईचं म्हणणं, पोरीला वेळापत्रकच नाही.

माझं माहेर भालकी तालुक्यातलं, सासर उदगीर. १९५६ पर्यंत दोन्ही गावं बिदर जिल्ह्यातच होती. मग भाषेवर राज्यं झाली, उदगीर आजच्या महाराष्ट्रात गेलं आणि भालकी आजच्या कर्नाटकात. सोयरिकींनी ती सीमा फारशी मनावर घेतली नाही. उदगीरहून रेल्वेनं भालकी आणि पुढे बिदर, हा आमचा जुना रस्ता. भाची दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकली, आता बिदरच्या मैलूर भागात तीन मुलींनी मिळून घेतलेल्या खोलीत राहते. कॉलेजात इंग्रजी, घरमालकिणीशी कानडी, बिदरीच्या कारखान्यात दखनी, आणि रात्री फोनवर आईशी भांडायला मराठी. दिवसभरात चार भाषा बदलण्याचा शीण वेगळाच असतो. तो कुठल्या परीक्षेच्या गुणांत धरत नाहीत.

मैलूरच्या खोलीला खिडकी एकच, तीही शेजारच्या भिंतीकडे उघडणारी. डोक्यावरून हवाई दलाची शिकाऊ विमानं जातात. बिदरच्या तळावर लढाऊ वैमानिक शिकतात, त्यामुळे आकाशातही विद्यार्थीच. विमान गेलं की पुस्तकातली ओळ परत वाचावी लागते. नीटची तयारी करणारी शेजारच्या खोलीतली मुलगी कानांत बोळे घालून बसते. गावभर शिकवण्यांच्या पाट्या आहेत, त्यांवर पहिल्या आलेल्यांचे हसरे चेहरे. तीन वर्षं हे चेहरे पाहत कॉलेजात जायचं म्हणजे काय, हे मला तिच्याबरोबर त्या रस्त्यानं चालल्यावर जाणवलं.

जुन्या गावात चौबाऱ्याचा गोल बुरूज लागतो, तिथून किल्ल्याकडे निघालं की महमूद गवानचा मदरसा. १४७२ सालचा. तीन मजले, विद्यार्थ्यांसाठी छत्तीस खोल्या, शिक्षकांच्या राहण्याची वेगळी सोय, ग्रंथालय, मशीद. १६९६ मध्ये दारूगोळ्याच्या स्फोटात पुढचा बराच भाग उडाला, तरी उरलेल्या भिंतींवर रंगीत फरशांचे तुकडे अजून टिकून आहेत. पोरं शिकायला येणार म्हणजे त्यांना निजायला जागा, हवा आणि उजेड लागणार, हे गवान या बहमनी वजिराला कळलं होतं. आजच्या घरमालकांना तेवढं कळलं तरी पुरे.

तिचा कारखाना मदरशापासून फार लांब नाही. कारखाना म्हणजे रस्त्याकडे उघडी एक खोली आणि मागे अंगण. तिला शिकवणारे उस्ताद भिंतीला पाठ न टेकता खाली बसतात, समोर दगड, त्यावर वस्तू. भाची सरकारी प्रशिक्षण वर्गात पहिल्यांदा छिन्नी धरायला शिकली. वर्ग संपला, बाकीच्या मुली गेल्या, ही येत राहिली.

बिदरी हा मुळात जस्ताचा धंदा आहे. साधारण सोळा भाग जस्ताला एक भाग तांबं. माती, राळ आणि एरंडेल तेल यांच्या साच्यात हा रस ओततात. ओतकाम अंगणात होतं. जस्त चारशेवीस अंशांच्या आसपास वितळतं, आणि ते फार तापलं की पांढरा धूर सुटतो. तो फार छातीत गेला तर रात्री हुडहुडी भरून ताप येतो. रसायनशास्त्राच्या विद्यार्थिनीला हा धूर म्हणजे झिंक ऑक्साइड हे पुस्तकातून माहीत होतं. ओढणी बांधून तो अडत नाही, हेही तीच उस्तादांना सांगते. ओतकामाच्या वेळी ती वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभी राहते. उस्ताद तिला हसतात, पण आताशा तेही तिकडेच सरकतात.

ओतून निघालेली वस्तू खडबडीत, करड्या रंगाची. ती कानशीनं आणि मग पॉलिश पेपरनं घासायची. हे सगळ्यात लांबलचक आणि सगळ्यात कमी डोक्याचं काम. मीही थोडा वेळ कानस चालवली. खांदा भरून येतो, नाकात धातूची भुकटी जाते, आणि मन मोकळं असतं. भाची या वेळात पाठ केलेलं मनात म्हणून बघते. तिच्या मांडीशेजारी वही उघडी असते, पानावर करडे ठसे. प्रॅक्टिकलचं जर्नल तपासणाऱ्या बाईंनी ते ठसे कशाचे म्हणून विचारलं होतं म्हणे.

मग मोरचूद. मोरचुदाच्या पाण्यानं गुळगुळीत पृष्ठभाग तात्पुरता काळा करतात, म्हणजे त्यावर टोकदार कलमानं काढलेली नक्षी पांढरी उठून दिसते. नक्षी हातानंच काढायची. वेल, फूल, पान, काठावर जाळी. इथे मात्र वही बंद. मी काही विचारलं तरी ती मान हलवते, उत्तर देत नाही.

खोदकाम मी सगळ्यात जास्त वेळ बघत बसले. डाव्या हातात छिन्नी, उजव्या हातात लहान हातोडी. छिन्नी पुढे सरकते आणि जस्ताचा केसाएवढा बारीक तुकडा वळून वर येतो. रेघेचा तळ आणि कडा नीट झाल्या नाहीत तर चांदी धरत नाही. सरळ रेघ सोपी. वेलीच्या वळणावर छिन्नी नव्हे, वस्तू फिरवायची असते. उस्तादांचा हात टक-टक-टक असा एका चालीत चालतो, भाचीचा अजून अडखळतो: टक-टक, थांब, टक. पाचसहा रेघा झाल्या की उस्ताद मान वर करून गल्लीत बघतात. कोण आलं म्हणून मीही दोनदा वळून पाहिलं, कोणीच नव्हतं. डोळे लांब टाकून आणायची ती सवय आहे. तिलाही ते तेच सांगतात. ती मान वर करते ती मात्र फोन बघायला, आणि फोन जेमतेम वीतभर लांब असतो. त्यावरून त्या दोघांचं रोज एकदा वाजतं.

खोदलेल्या रेघेत चांदीची तार ठोकून बसवायची, हे तारकशीचं काम. पाकळीसारख्या रुंद जागेत पत्र्याचा तुकडा कापून बसवायचा, ते वेगळं आणि जास्त मुश्किलीचं. चांदीचा भाव किलोला लाखाच्या पुढे गेल्यापासून कातरलेला कणही चिमट्यानं उचलून डबीत जातो. शिकणाऱ्याच्या हाती चांदी देताना उस्तादांचा चेहरा बघण्यासारखा असतो. तरी देतात. जडवून झालं की परत घासायचं, चांदी आणि जस्त एका पातळीला येईपर्यंत, आणि या घासण्यात मोरचुदाचा काळा रंग निघून जातो. करड्यावर पांढरं, नक्षी जवळजवळ दिसेनाशी होते.

खरा काळा रंग शेवटी. बिदरच्या किल्ल्यातली, ऊन-पाऊस न लागलेल्या जुन्या बांधकामातली माती, आणि नवसागर. चांगली माती कुठली हे कारागीर जिभेवर ठेवून ओळखतात. ती पाण्यात नवसागराबरोबर कालवून तापवायची आणि गरम वस्तूवर चोळायची. मिश्रणातल्या तांब्यामुळे पृष्ठभाग काळाभोर होतो आणि चांदीला काहीही होत नाही. एवढ्या एका गोष्टीवर सगळी बिदरी उभी आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातले सतराव्या-अठराव्या शतकातले हुक्केही अशाच रीतीनं काळे झालेले. मग धुऊन, तेलाचा हात. हे काम एका दमात व्हावं लागतं, म्हणून बऱ्याच वस्तू साठल्या की एखादा दिवस धरून उरकतात.

आता तिचं वेळापत्रक. अंतर्गत परीक्षा आली की ती उस्तादांना सांगते, “आठवडाभर कानसच द्या.” पेपरच्या आदल्या दिवशी छिन्नीला हात लावत नाही, कारण खोदून आखडलेल्या बोटांनी तीन तास लिहिता येत नाही. हे तिला कुणी शिकवलं नाही, बोटांनीच सांगितलं. उलट प्रॅक्टिकल लवकर सुटलं आणि डोकं ताजं असेल तर ती थेट नक्षीला बसते, अभ्यासाला नाही. तिच्या मैत्रिणींना हे उधळपट्टीचं वाटतं. मला नाही वाटत. ताज्या डोक्याचे तास दिवसात थोडेच असतात आणि ते सगळे एकाच देवाला वाहायचे का, हा प्रश्न रास्त आहे. अभ्यासातही तिनं हेच वर्ग पाडलेत: आकृत्या काढणं, जर्नल उतरवणं ही कानस, नवीन धडा पहिल्यांदा समजून घेणं हे काळं करण्याचं काम, दार लावून, एका बैठकीत.

आणि झोप? ती कुठल्या वर्गात? “आत्या, ती शेगडी,” ती म्हणाली. “पेटवली की मधेच विझवायची नाही.” दुसऱ्या वर्षी ती रात्री दोनपर्यंत अभ्यास करायची आणि दुपारी कारखान्यात छिन्नी घसरायची. घसरलेली छिन्नी अंगठ्यात जाते. तिच्या अंगठ्यावर व्रण आहे. त्यानंतर उस्तादांनी एक नियम घातला: डोळे लाल दिसले की परत पाठवायचं. “जा, सो जा। आज काम नक्को।” त्यात माया किती आणि चांदीची काळजी किती, हे मी ठरवत बसले नाही. परिणाम एकच. कॉलेजात तिचे लाल डोळे कुणी बघत नाही. तिथे हजेरी लागली की झालं. कारागिराला शिकाऊ माणसाच्या तब्येतीकडे बघावंच लागतं, कारण थकवा थेट मालावर उमटतो.

हल्ली मुलांना सारखं सांगतात, काहीतरी छंद धरा, ताण हलका होईल. असं सांगणाऱ्यांनी दोन तास मांडी घालून जस्त खोदून बघावं. कंबर धरते, मान अवघडते, नजर थकते. अभ्यासाचा ताण या कामानं जात नाही. फार तर त्याला शेजारी मिळतो. पण एक फरक मी पाहिला. परीक्षेचा निकाल महिनोन् महिने लोंबकळतो आणि शिकवणीच्या पाटीवरचा चेहरा कधीच आपला नसतो. इथे संध्याकाळपर्यंत एक पाकळी भरते किंवा भरत नाही, आणि ते तिथल्या तिथे कळतं. चुकलेली पाकळी उपसून पुन्हा खोदता येते. पाकळी भरली त्या संध्याकाळी खोलीवर परतताना ती जास्त बोलते. जेवतेही नीट. एरवी डब्यातली चपाती अर्धी परत जाते.

हे सगळं गोड आहे असं मात्र नाही. २००६ मध्ये बिदरीला भौगोलिक मानांकन मिळालं, २०२३ मध्ये बिदरीचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा गावाला फार आनंद झाला. तरी भाचीच्या कारखान्यातली मजुरी नगावर आहे आणि उस्तादांचा स्वतःचा मुलगा हैदराबादेत नोकरी करतो. माझ्या भावाला वाटतं तिनं बी.एड. करावं. वहिनीला वाटतं बँकेची परीक्षा द्यावी. भाची दोघांनाही हो म्हणते. ती हे काम आयुष्यभर करील का, मी विचारलं नाही. अजून सेमिस्टर संपायचं आहे.

सध्या वाद वेगळाच आहे. तिनं पानदानाचं एक झाकण पुरं केलंय, पहिलंच, ज्यात उस्तादांची एकही रेघ नाही. काळं करायचा दिवस गुरुवारचा ठरलाय, अठ्ठावीस वस्तू साठल्यात, आणि गुरुवारीच तिचा असेंद्रिय रसायनशास्त्राचा पेपर आहे. शेगडी तिच्यासाठी पुढे ढकला म्हणण्याइतकी ती मोठी कारागीर नाही आणि पेपर तर कुणासाठीच पुढे जात नाही. उस्ताद म्हणाले, झाकण ठेवून जा, मी करतो. ती म्हणाली, मग पुढच्या खेपेला करू, राहू दे. पुढची खेप कधी, तर महिन्यानं. आणि झाकणाला गिऱ्हाईक या शनिवारी येणार आहे. मी निघाले तेव्हा झाकण दगडावर तसंच होतं आणि दोघंही आपापल्या म्हणण्यावर.