गेमिंग लॅपटॉपमधील पंख्याचा आवाज

गेमिंग लॅपटॉपमधील पंख्याचा आवाज म्हणजे संगणकाच्या आतील उष्णता बाहेर टाकणारे पंखे वेगाने फिरत असताना निर्माण होणारा ध्वनी होय. त्रिमितीय खेळ, चित्रफितींचे संपादन अशी जड कामे चालू असताना तो ठळकपणे ऐकू येतो. हा आवाज मूळ दोष नसून उष्णतेचे लक्षण असते. त्यामुळे केवळ पंख्याचा वेग घटवणे हा त्यावरील खरा उपाय ठरत नाही. मुळात उष्णता कमी निर्माण होऊ देणे, निर्माण झालेल्या उष्णतेची वाट मोकळी ठेवणे आणि त्यानंतरच पंख्याचा वेग बदलणे, हा या उपायांचा योग्य क्रम होय.

उष्णतेचा उगम

लॅपटॉपमधील इलेक्ट्रॉनिक घटक जी वीज घेतात, ती जवळजवळ सर्व उष्णतेत रूपांतरित होते. कार्यालयीन कामासाठीच्या पातळ लॅपटॉपचा प्रोसेसर साधारणतः १५ ते २८ वॅट शक्तीच्या वर्गातील असतो. गेमिंग लॅपटॉपमध्ये मुख्य प्रोसेसर ४५ वॅट किंवा त्याहून अधिक, तर ग्राफिक्स प्रोसेसर १०० वॅटहून अधिक शक्ती घेऊ शकतो. म्हणजेच दोन-तीन सेंटीमीटर जाडीच्या कवचातून सुमारे दीडशे वॅट उष्णता अखंड बाहेर काढावी लागते. जुन्या पद्धतीच्या १०० वॅटच्या दिव्याला हात लावता येत नसे, हे आठवले म्हणजे या कामाचा आवाका लक्षात येतो.

प्रोसेसरमधील स्विचिंगसाठी खर्च होणारी शक्ती त्याच्या वारंवारतेच्या प्रमाणात आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वारंवारता तीच ठेवून विद्युतदाब १० टक्क्यांनी घटवल्यास हा खर्च सुमारे १९ टक्क्यांनी कमी होतो. पुढे वर्णिलेल्या अनेक उपायांचा पाया हाच नियम आहे.

शीतन व्यवस्थेची रचना

चिपच्या पृष्ठभागावर उष्णतावाहक लेपाचा, म्हणजे थर्मल पेस्टचा, पातळ थर असतो. हा लेप चिप व तांब्याची पट्टी यांमधील सूक्ष्म पोकळ्या भरून काढतो. पट्टीला जोडलेल्या तांब्याच्या चपट्या नळ्यांना हीट पाइप म्हणतात. या बंद नळीत अत्यल्प पाणी असते. चिपजवळच्या टोकाशी त्याची वाफ होते, थंड टोकाशी ती पुन्हा द्रवरूप होते आणि नळीच्या आतील सच्छिद्र अस्तरातून पाणी मूळ जागी परतते. अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये हीट पाइप विकसित केला.

नळीच्या थंड टोकाशी धातूच्या पातळ पात्यांची जाळी असते. पंखा खालून हवा ओढून घेतो व या जाळीतून बाजूला किंवा मागे फेकतो. लॅपटॉपमधील पंखे अपकेंद्री प्रकारचे, म्हणजे मध्यातून हवा घेऊन कडेने बाहेर टाकणारे असतात. जागा थोडी असल्याने पंखा लहान ठेवावा लागतो आणि लहान पंख्याला पुरेशी हवा हलवण्यासाठी वेगाने फिरावे लागते. गेमिंग लॅपटॉपचा आवाज मोठ्या डेस्कटॉप संगणकाहून अधिक असण्याचे हे मुख्य कारण आहे.

आवाजाचे स्वरूप

पंख्याच्या आवाजाचे तीन भाग पाडता येतात. पहिला भाग जाळीतून व पात्यांवरून घुसळत जाणाऱ्या हवेचा सोसाट होय. दुसरा भाग पात्यांचा एकसुरी स्वर होय. त्याची वारंवारता पात्यांची संख्या आणि दर सेकंदाच्या फेऱ्या यांच्या गुणाकाराइतकी असते. ४० पाती असलेला पंखा मिनिटाला ४,५०० फेऱ्या घेत असल्यास, सेकंदाला ७५ फेऱ्या होतात व ३,००० हर्ट्झचा स्वर निर्माण होतो. मानवी कान साधारण २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वाधिक संवेदनशील असल्याने असा स्वर मंद असूनही बोचतो. तिसरा भाग झिजलेल्या बेअरिंगची खरखर किंवा पात्याला काही घासल्याचा खडखडाट होय.

काही वेळा पंखा बंद असतानाही बारीक किणकिण ऐकू येते. विद्युतप्रवाहामुळे कॉइलमध्ये निर्माण होणाऱ्या कंपनांचा तो आवाज असतो. पंखा स्वच्छ करून किंवा बदलून तो थांबत नाही.

आवाजाची पातळी डेसिबलमध्ये मोजतात. हे मापन लॉगॅरिदमवर आधारलेले असल्याने १० डेसिबलची वाढ कानाला साधारण दुप्पट आवाजासारखी भासते. पंख्यांच्या नियमानुसार हवेचा प्रवाह फेऱ्यांच्या प्रमाणात बदलतो, आवाजाची शक्ती मात्र ढोबळमानाने फेऱ्यांच्या पाचव्या घाताने बदलते. फेऱ्या २० टक्क्यांनी घटल्यास प्रवाह २० टक्क्यांनी कमी होतो आणि आवाज सुमारे ५ डेसिबलने उतरतो. फेऱ्या निम्म्या झाल्यास तो सुमारे १५ डेसिबलने उतरतो. उष्णतेत केलेली थोडी बचत आवाजात मोठा फरक पाडते, ती या कारणाने.

आवाज वाढण्याची कारणे

नवा असताना शांत वाटणारा लॅपटॉप वर्ष-दोन वर्षांत गोंगाट करू लागतो, याचे सर्वसाधारण कारण धूळ हे असते. धूळ, केस व कापसाचे तंतू पंखा आणि जाळी यांच्या मध्ये साचून नमद्यासारखा थर तयार होतो व हवेची वाट अडते. कालांतराने थर्मल पेस्ट सुकते किंवा चिपच्या मध्यभागातून कडेला सरकते. लॅपटॉप गादीवर, उशीवर किंवा मांडीवर ठेवल्यास खालची छिद्रे झाकली जातात.

खोलीच्या तापमानाचाही थेट परिणाम होतो. चिप ९० अंश सेल्सियसवर राखायची असल्यास २५ अंशांच्या खोलीत ६५ अंशांचा फरक हाताशी असतो, ४० अंशांच्या खोलीत तो ५० अंशांवर येतो. तेवढीच उष्णता वाहून नेण्यासाठी मग अधिक हवा लागते. विदर्भातील उन्हाळ्यात तोच लॅपटॉप, तोच खेळ आणि तरीही अधिक आवाज, असा अनुभव येतो तो यामुळेच.

आवाज कमी करण्याचे उपाय

उष्णता कमी निर्माण करणे. सर्वांत सोपा उपाय खेळातील चित्रचौकटींच्या वेगावर मर्यादा घालणे हा आहे. सेकंदाला १४४ ऐवजी ६० चौकटी पुरेशा असतील, तेथे ही मर्यादा घातल्याने ग्राफिक्स प्रोसेसरचे काम बरेच हलके होते. सावल्या, प्रतिबिंबे यांची गुणवत्ता एक पायरी खाली आणल्यानेही लाभ होतो. विंडोज प्रणालीच्या वीजविषयक मांडणीत प्रोसेसरची कमाल अवस्था ९९ टक्के ठेवल्यास बहुतेक लॅपटॉपांत टर्बो वेग बंद होतो. प्रोसेसरचा विद्युतदाब किंचित घटवणे हा अधिक परिणामकारक मार्ग आहे, मात्र तो सर्वत्र उपलब्ध नाही. प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षा त्रुटी डिसेंबर २०१९ मध्ये उघड झाल्यानंतर इंटेल प्रोसेसर असलेल्या अनेक लॅपटॉपांत ही सोय बायॉसमधून बंद करण्यात आली.

उष्णतेची वाट मोकळी करणे. लॅपटॉप कठीण व सपाट पृष्ठभागावर ठेवून मागील कड दोन-तीन सेंटीमीटर उचलल्यास खालून हवा सुलभपणे आत येते. पंखे बसवलेली बैठकही वापरली जाते, परंतु तिच्या पंख्यांचा आवाज हिशेबात धरावा लागतो. धूळ काढताना लॅपटॉप बंद करून चार्जर काढणे आवश्यक असते. हवेचा झोत मारताना पंख्याचे पाते लाकडी काडीने अडवून धरतात, अन्यथा पंखा मर्यादेबाहेर फिरून बेअरिंग खराब होऊ शकते. थर्मल पेस्ट बदलण्याचे काम जाणकाराकडून करून घेणे हिताचे ठरते. पेस्टऐवजी वापरला जाणारा गॅलियमयुक्त द्रवधातू विजेचा वाहक असतो आणि ॲल्युमिनियमला खातो, त्यामुळे नवख्याने तो वापरणे धोक्याचे असते.

पंख्याचा वेग बदलणे. बहुतेक गेमिंग लॅपटॉपांत शांत, संतुलित व वेगवान अशा अवस्था असतात. शांत अवस्थेत पंख्याबरोबरच प्रोसेसरला मिळणारी शक्तीही सामान्यतः मर्यादित केली जाते. पंखा सतत वर-खाली होत असल्यास तो एकसारख्या आवाजापेक्षा अधिक त्रासदायक वाटतो. अशा वेळी तापमान व वेग यांचा आलेख सौम्य उताराचा ठेवतात.

मर्यादा व सावधगिरी

उष्णता कमी न करता पंखा दाबून ठेवल्यास चिपचे तापमान साधारण ९५ ते १०५ अंशांच्या मर्यादेपर्यंत जाते. मग प्रोसेसर स्वतःच आपला वेग घटवतो व खेळ अडखळू लागतो. चिप अशा प्रकारे स्वतःचे रक्षण करते, परंतु शेजारच्या बॅटरीला ती सोय नसते. सततच्या उष्णतेने लिथियम-आयन बॅटरीची क्षमता लवकर घटते. लॅपटॉपचा तळ किंवा कळफलक फुगलेला दिसल्यास बॅटरी फुगल्याची शक्यता असते. अशा वेळी त्याचा वापर व चार्जिंग त्वरित थांबवावे लागते.

आवाज झाकण्यासाठी हेडफोनचा आवाज चढवणे हा उपाय नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंतच सुरक्षित मानला जातो. याच संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत शयनगृहासाठी ३० व वर्गखोलीसाठी ३५ डेसिबलची पातळी सुचवली होती. पूर्ण वेगाने चाललेला गेमिंग लॅपटॉप वापरणाऱ्याच्या कानापाशी ४५ ते ५५ डेसिबलपर्यंत आवाज करू शकतो. एकाच खोलीत कोणी खेळत, कोणी अभ्यास करत व कोणी झोपलेले असताना हा फरक लहान राहत नाही.

हे सुद्धा पहा

लॅपटॉप
ग्राफिक्स प्रोसेसर
हीट पाइप
ध्वनिप्रदूषण
डेसिबल