गाळ वाहायला डंपर, टिपर की ट्रॉली?



हंगाम आटोपला की तळ्यातला गाळ रानात टाकण्याची गडबड सुरू होते. 2017 साली शासनाने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली, तेव्हापासून ही गोष्ट घरोघर माहीत झाली आहे. टाकवे बुद्रुक व आंदर मावळातल्या डोंगराकडेच्या मुरमाड रानांना गाळ मानवतो. पण खर्च गाळाचा नसतो, वाहतुकीचा असतो. म्हणून आधी हिशेब मांडावा. एका एकरात तीन इंच थर द्यायचा तर सुमारे 110 ब्रास गाळ लागतो. ट्रॉलीत एक ब्रास धरला तर 110 खेपा झाल्या!

हे ऐकून काही मंडळी म्हणतात, “साहेब, मोठा डंपरच बघा.” खरा डंपर तो चंद्रपूरकडच्या कोळशाच्या खाणीतला. 35 टन माल वाहणारा डंपर रिकामाच 25 टनांच्या पुढे भरतो आणि तीन मीटरपेक्षा रुंद असतो. रस्त्यावरच्या गाडीला रुंदीची मर्यादा 2.6 मीटर आहे. म्हणजे त्याला तळ्यावर आणायचा तोही ट्रेलरवर घालून. एकाच आवारात हजारो ब्रास माती हलवायची असेल तिथेच तो परवडतो. आपल्या कामाचा तो नव्हे.

आपण ज्याला डंपर किंवा हायवा म्हणतो तो रस्त्यावरचा दहाचाकी टिपर. 2018 च्या नियमाप्रमाणे त्याचे भरलेले वजन 28.5 टनांपर्यंत चालते. गाडीचे अकरा टन वजा केले तर उरतात साडेसतरा. ओलसर गाळ ब्रासला साडेचार टनांच्या आसपास भरतो, म्हणजे माल चार ब्रासच्या आतच बसला. हौदा मोठा आहे म्हणून शीग लावून भरू देऊ नये. कान्हे फाट्याकडून येताना इंद्रायणीवरचा पूल आहे, पुढे गावातला रस्ता आहे, आणि दंड झालाच तर गाडीवाला तो तुमच्याच बिलात लावणार. नेमका भरला तरी एकराचे काम तिशीच्या आसपास खेपांत होते. तळे दोन-तीन किलोमीटरपेक्षा लांब असेल तर टिपरच घ्यावा, अगदी जवळ असेल तर घरची ट्रॉली बरी.

मात्र टिपर बांधापर्यंतच. रानात चाक घालू द्यायचं नाही, हे मी आग्रहाने सांगतो. जड आसाचा दाब नांगराच्या तासाखाली जातो आणि साध्या नांगरटीने तो निघत नाही. पुढे त्या पट्ट्यात पाणी साचतं, मुळी खाली उतरत नाही आणि खोडव्यात ऊस विरळ दिसतो. मग दोष बेण्याला! बांधावर ढीग करून घ्यावा आणि ट्रॉलीने किंवा ट्रॅक्टरच्या फळीने पसरावा. चार पैसे जास्त जातील, ते जाऊ द्यावेत.

काम मे अखेरीस उरकावे. मावळातला पहिला मोठा पाऊस झाला की तळ्याच्या पोटात गाडी रुततेच.

भारी, चोपण रानात मात्र गाळ टाकू नये. गाडी ठरवण्याआधी तळ्यातल्या चार-पाच ठिकाणचा मिळून किलोभर गाळ आणि आपल्या रानाची माती वेगवेगळ्या पिशव्यांत, नाव व गट नंबर लिहून गट ऑफिसात द्यावी. क्षार आणि चुनखडी तपासून मगच गाळ उचलावा.

— ऊस विकास अधिकारी