रंगीत पेला, पण कोणाचा?

पावसाळ्यात सह्याद्रीच्या दाट रानात कुजक्या फांद्यांवर गुलाबी किंवा नारिंगी रंगाचे इवलेसे पेले दिसतात. रुंदी साधारण एक ते तीन सेंटीमीटर. ही फुले नव्हेत, ती एक बुरशी आहे. बुरशीचे तंतू लाकडात पसरलेले असतात. आपल्याला दिसते ते त्यांचे फळ.

पण बुरशी कोणती? इथे रंगावर भिस्त ठेवून चालत नाही, कारण पेला जुना झाला किंवा वाळला की रंग फिका पडतो. म्हणून आपण क्रमाने तीन गोष्टी पाहू.

पहिली, पेला कशावर उगवला आहे? लाकडावर, मातीवर की शेणावर?

दुसरी, पेल्याची बाहेरची बाजू. भिंगातून पाहिल्यावर लांब, राठ केस दिसले आणि खाली देठ असला, तर ती बहुधा ‘कुकेइना ट्रायकोलोमा’. केस आखूड आणि काठाजवळच असतील, तर ‘कुकेइना स्पेसिओसा’ असण्याची शक्यता अधिक. कुकेइना हे नाव एम. सी. कुक या इंग्रज कवकशास्त्रज्ञावरून पडले.

तिसरी, पेल्याच्या आत काय आहे? आत बारीक चपट्या गोळ्या असतील, तर ती सायथस, म्हणजे पक्ष्याच्या घरट्यासारखी दिसणारी बुरशी. आकार पेल्याचाच, पण कूळ वेगळे. पावसाचा थेंब पेल्यात पडला की या गोळ्या बाहेर उडतात. कुकेइनाचा पेला मात्र आतून गुळगुळीत असतो. त्याच्या अस्तरात असंख्य सूक्ष्म पिशव्या असतात आणि प्रत्येकीत सहसा आठ बीजाणू. पिशवीतला दाब वाढला की तिचे झाकण उघडते आणि बीजाणू हवेत फेकले जातात.

एवढे पाहूनही जात नक्की ठरेलच असे नाही. युरोपातील लाल पेल्यांच्या दोन जाती इतक्या सारख्या दिसतात, की बाहेरचे केस सरळ आहेत की पिळाचे, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच त्या वेगळ्या करता येतात. तेव्हा विद्यार्थ्यांनी वहीत ‘बहुधा कुकेइना’ असे लिहिले, तर ते अपुरे उत्तर मानू नये. पुराव्याइतकेच बोलणे हीच विज्ञानाची शिस्त. सोबत तारीख, जागा आणि चित्र असावे. पेले उपटू नयेत, आणि अर्धवट ओळखीच्या भरवशावर कोणतीही रानटी बुरशी तोंडात घालू नये.