पाळतीवर पाळत कोणाची?

सत्ताधाऱ्यांच्या घरात भांडण लागले किंवा सरकार बदलले, की आपल्या देशात एक प्रकार हटकून घडतो. कोणाकोणाचे दूरध्वनी चोरून ऐकले जात होते, याचे तपशील एकाएकी बाहेर पडू लागतात. १९८८ साली रामकृष्ण हेगडे यांना कर्नाटकचे मुख्यमंत्रिपद याच कारणावरून सोडावे लागले. मार्च १९९१ मध्ये राजीव गांधी यांच्या निवासस्थानाजवळ हरियाणा पोलिसांचे दोन शिपाई सापडले आणि त्या निमित्ताने चंद्रशेखर यांचे सरकार गेले. महाराष्ट्रात २०१९ मध्ये सत्तांतर झाल्यावर, काही राजकीय नेत्यांचे दूरध्वनी भलत्याच नावांनी परवानगी घेऊन ऐकण्यात आल्याचा आरोप झाला. २०२२ च्या आरंभी गुन्हे नोंदले गेले. त्याच वर्षी सरकार पुन्हा बदलले आणि २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते गुन्हे रद्द केले. आरोप खरा होता की खोटा, हा येथे मुद्दा नाही. मुद्दा असा की, पाळतीची फाइल उघडण्यासाठी आपल्याकडे सत्तेची उलथापालथ व्हावी लागते. मुख्यमंत्र्यांच्या किंवा पक्षाध्यक्षांच्या बाबतीत ती कधीतरी होतेही. तालुक्याच्या गावातील शिक्षकाचा किंवा जिल्हा परिषदेतील कारकुनाचा दूरध्वनी कोणी ऐकला असेल, तर त्याच्यासाठी कोणते सरकार बदलणार?

राज्यसंस्थेला चोरून ऐकण्याचा अधिकारच असू नये, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. मुंबईकर तर मुळीच म्हणणार नाही. २६ नोव्हेंबर २००८ रोजी समुद्रमार्गे आलेल्या दहशतवाद्यांचे सीमेपलीकडील सूत्रधारांशी चाललेले संभाषण यंत्रणांनी ऐकले आणि ध्वनिमुद्रित केले. २०१२ मध्ये अजमल कसाबची फाशी कायम करताना सर्वोच्च न्यायालयाने त्या संभाषणांचा विस्ताराने विचार केला. त्या रात्री आणीबाणीची परिस्थिती आहे हे कोणाला समजावून सांगावे लागत नव्हते. ती सगळ्या जगाला दिसत होती.

नेमकी हीच कसोटी १८८५ च्या तारायंत्र कायद्यात होती. सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न उद्भवल्याखेरीज संदेश अडवता येणार नाही, असे त्याच्या पाचव्या कलमात म्हटले होते. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थेच्या याचिकेवर डिसेंबर १९९६ मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने या शब्दांचा अर्थ स्पष्ट केला. या दोन्ही गोष्टी गुप्त असू शकत नाहीत, सामान्य समजुतीच्या माणसाला त्या दिसल्या पाहिजेत, असा त्याचा आशय होता. परंतु याच निकालात एक उणीव राहिली आणि ती आजतागायत भरून निघालेली नाही. प्रत्येक हुकूम आधी न्यायाधीशाच्या नजरेखालून जावा, ही संस्थेचे वकील राजिंदर सच्चर यांची मागणी होती. कायद्यात तशी तरतूद नसताना आपण ती घालू शकत नाही, असे न्यायालय म्हणाले. त्याऐवजी हुकूम गृहसचिवांनी काढावा आणि तो वरिष्ठ सचिवांच्या समितीने मागाहून तपासावा, अशी व्यवस्था लावून देण्यात आली. मागणारे सरकारी, देणारे सरकारी आणि तपासणारेही सरकारी!

ही तपासणी कशी होत असेल, याचा अंदाज आकड्यांवरून येतो. केंद्र सरकारकडून दरमहा सरासरी साडेसात ते नऊ हजार दूरध्वनी ऐकण्याचे हुकूम निघतात, असे २०१३ मध्ये माहितीच्या अधिकाराखाली उघड झाले. समितीची बैठक दोन महिन्यांतून एकदा. म्हणजे प्रत्येक बैठकीपुढे पंधरा ते अठरा हजार हुकूम! विदासंरक्षणाबाबत २०१८ मध्ये अहवाल देणाऱ्या न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीनेही हाच हिशेब मांडून हे काम वास्तवाला धरून नसल्याचे नमूद केले. आणि गृहसचिवांचे काय? महिन्याला नऊ हजार म्हणजे रविवार न वगळता रोज तीनशे. ज्यांनी दहावीच्या उत्तरपत्रिका तपासल्या आहेत, त्यांना दिवसाकाठी तीनशे कागद लक्षपूर्वक वाचणे म्हणजे काय, हे सांगावयास नको. आणि या गृहस्थांना देशाच्या अंतर्गत सुरक्षेचे काम शिवाय असते.

कागद न वाचण्याची सवय खालपर्यंत कशी झिरपते, याचा एक नमुना अमरसिंह यांच्या प्रकरणात पाहावयास मिळाला. त्यांचा दूरध्वनी एका कंपनीने ज्या पत्रांच्या आधारे ऐकू दिला, ती बनावट निघाली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही याचिका फेटाळली खरी, पण त्या पत्रांतील शुद्धलेखनाच्या ढोबळ चुका पाहूनसुद्धा कंपनीला शंका कशी आली नाही, असा सवालही केला. एखाद्या मराठी शाळेतील शिक्षकाने ते पत्र लाल शाई लावून परत केले असते.

अशा व्यवस्थेत ‘सरहद्दीची सुरक्षा’ हा शब्द मंत्रासारखा वापरला जातो. पाठ्यपुस्तकातील नकाशावर सरहद्द ही एक बारीक रेघ असते. प्रशासनाच्या नकाशावर तो एक पट्टा असतो, आणि तो आत सरकतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये पंजाब, पश्चिम बंगाल आणि आसाम या राज्यांत सीमा सुरक्षा दलाच्या शोध, जप्ती व अटक या अधिकारांची हद्द १५ किलोमीटरवरून ५० किलोमीटर करण्यात आली. (गुजरातेत ती ८० वरून ५० वर आली, हेही सांगितले पाहिजे.) अमृतसर, गुरदासपूर, पठाणकोट, फिरोजपूर ही भरवस्तीची शहरे त्या पट्ट्यात येतात, पंजाब सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. जमिनीवर निदान किलोमीटर तरी मोजता येतात. तारेत आणि बिनतारी लहरींत सरहद्द कोठे सुरू होते व कोठे संपते, हे सांगणारा दगड नाही. पेगॅसस प्रकरणात ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, राष्ट्रीय सुरक्षेचे नाव घेतले म्हणून सरकारला दर वेळी मोकळीक मिळणार नाही, असे बजावले आणि चौकशी समिती नेमली. समितीने २९ दूरध्वनी तपासले. पाचांत घातक प्रणाली आढळली. ती पेगॅससच होती, असे मात्र सिद्ध झाले नाही. सरकारने सहकार्य केले नाही, असे समितीने कळवले असल्याचे सरन्यायाधीशांनी ऑगस्ट २०२२ मध्ये भर न्यायालयात सांगितले.

टपालाचा इतिहास तर अधिक बोलका आहे. १९८६ मध्ये लोकांची पत्रे उघडण्याचे व्यापक अधिकार सरकारला देणारे टपाल विधेयक संसदेने संमत केले होते. राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही, परतही पाठवले नाही. नुसते ठेवून घेतले, आणि जुलै १९८७ मध्ये मुदत संपल्यावर ते राष्ट्रपतिभवनातून बाहेर पडले. त्या विधेयकाचा कायदा कधीच झाला नाही. डिसेंबर २०२३ मध्ये नवा टपाल कायदा आणि नवा दूरसंचार कायदा एकाच अधिवेशनात संमत झाले. त्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांचे मिळून १४६ विरोधी खासदार निलंबित झाले होते. नव्या टपाल कायद्याच्या नवव्या कलमात राज्याच्या सुरक्षिततेसारख्या कारणांच्या रांगेत कोणत्याही प्रचलित कायद्याचा भंग हेही एक कारण घातले आहे. कोणत्याही! मग पाकीट उघडण्यासाठी देश संकटात असण्याची गरजच उरत नाही.

२०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगी जीवनाचा अधिकार मूलभूत ठरवला, त्याचा उपयोग कोणाला झाला? त्याच्या आधारे २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका लाचलुचपतीच्या खटल्यातील दूरध्वनी ऐकण्याचे तीन हुकूम रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास सांगितले. लाच हा गुन्हा आहे, परंतु त्याने सार्वजनिक आणीबाणी उद्भवली नव्हती. मद्रास उच्च न्यायालयानेही जुलै २०२५ मध्ये तशाच एका प्रकरणात तोच मार्ग धरला; तेथे तर ऐकलेला मजकूर तपासणी समितीपुढे ठेवलेलाच नव्हता. दोन्ही प्रकरणांतील माणसे आरोपी होती, म्हणूनच आपला दूरध्वनी ऐकला गेला हे त्यांना कळले. ज्याच्यावर खटला झाला नाही, ज्याच्या बोलण्यात काही सापडलेच नाही, अशा निरपराध माणसाला ते कळवण्याची तरतूद ना जुन्या नियमांत होती, ना डिसेंबर २०२४ च्या नव्या नियमांत आहे. नव्या नियमांनुसारही हुकूम काढणारे गृहसचिवच आहेत आणि तपासणारी समिती सचिवांचीच आहे. शिवाय हुकुमाची कागदपत्रे, कामासाठी लागणार नसतील तर, दर सहा महिन्यांनी नष्ट करावयाची आहेत. ही अट नागरिकाचे खासगीपण जपण्यासाठी आहे. तिच्याच योगाने, सातव्या महिन्यात त्या नागरिकाने विचारले, तर दाखवण्यासारखा एकही कागद दप्तरात शिल्लक नसतो.