यंत्र कांद्याचं गाव सांगतं का?

जपानमध्ये २००० साली सगळ्या ताज्या भाजीपाल्यावर मूळ ठिकाण लिहिणं बंधनकारक झालं. त्याच सुमारास चीनमधून ‘नेगी’, म्हणजे लांब दांड्याचा पातीचा कांदा, स्वस्तात येऊ लागला होता. २००१मध्ये सरकारला त्याच्यावर तात्पुरते आयातनिर्बंध घालावे लागले. चिनी मालावर देशी चिठ्ठी लावली तर ओळखायचं कसं? तिथल्या प्रयोगशाळांनी त्यासाठी भाजीतल्या मूलद्रव्यांचा आधार घेतला. मात्र या तपासणीबद्दल गैरसमज बरेच आहेत.

पहिला गैरसमज: डीएनए तपासला की काम झालं. डीएनएवरून वाण कळतं, शेत नाही. एकच बियाणं दोन देशांत पेरलं तरी डीएनए तोच राहतो.

दुसरा: मातीत जे असतं तेच भाजीत उतरतं. तसं असतं तर माती तपासूनच भागलं असतं. मुळं घेतात ते पाण्यात विरघळलेलं, आणि तेही सारख्या प्रमाणात नाही. आम्लधर्मी जमिनीत मँगनीज सहज विरघळतं, म्हणून पिकात जास्त येतं. चुनखडीच्या जमिनीत ते असूनही पिकाला मिळत नाही. स्ट्रॉन्शियम कॅल्शियमच्या वाटेने आत शिरतं, रुबिडियम पोटॅशियमच्या. त्यात खताने आणि मोरचूदाच्या फवारणीनेही आकडे हलतात. म्हणून एकाच मूलद्रव्यावर न विसंबता दहा-वीस मूलद्रव्यांचा मेळ पाहतात. भाजी आधी नीट धुतात, कारण चिकटलेल्या मातीने लोह आणि अ‍ॅल्युमिनियमचे आकडे फुगतात. मग ती आम्लात विरघळवून यंत्रातल्या अतितप्त आर्गॉन वायूत सोडतात. तिथे प्रत्येक मूलद्रव्याचा अब्जात एखादा भागही मोजता येतो.

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे यंत्र गावाचं नाव छापून देतं. यंत्र फक्त आकडे देतं. ते आकडे खात्रीच्या ठिकाणांहून आणलेल्या नमुन्यांशी ताडून पाहायचे आणि हा माल कोणत्या गटाशी जुळतो ते संख्याशास्त्राने ठरवायचं. ज्या प्रदेशाचे नमुने संग्रहातच नाहीत, तो ओळखता येत नाही. जपानमध्येही या चाचणीवरून संशय आला की व्यापाऱ्याची कागदपत्रं तपासतात. नुसत्या आकड्यांवर कुणाला दोषी धरत नाहीत.

भौगोलिक मानांकन मिळालेल्या अलिबागच्या पांढऱ्या कांद्यासाठी ही पद्धत वापरायची, तर आधी तिथल्या शेतांमधले आणि त्या नावाखाली जिथला माल खपवला जातो तिथलेही नमुने हंगामागून हंगाम गोळा करावे लागतील. यंत्र घेणं त्यापेक्षा सोपं.