गव्हातून निघालेली ‘कोंबडी’

शाकाहारी घरातल्या मुलांना कुरकुरीत तळलेल्या कोंबडीचे आकर्षण वाटू लागले की आईवडिलांपुढे पेच उभा राहतो. १९९५ मध्ये केंटकी फ्राइड चिकनचे भारतातले पहिले दुकान बंगळूरला उघडले. तेव्हापासून जाहिरातीत, मित्राच्या वाढदिवसाला, बाजारात शेजारच्या टेबलावर हा पदार्थ मुलांना दिसतच असतो. नको म्हणावे तर मुले हिरमुसतात, हो म्हणावे तर घरचे वळण मोडते. मांसाहारी घरातली अडचण वेगळी. तिथे श्रावणाचा पहिला आठवडा सरत नाही तोच ताटात काहीतरी चावून खायला हवे, अशी कुरकुर सुरू होते. या दोन्ही घरांना उपयोगी पडेल अशी एक वस्तू पिठाच्या डब्यात दडलेली आहे.

तिचे नाव सेतान. नाव ऐकून घरातली आजी दचकेल, पण सैतानाशी तिचा काही संबंध नाही. जपानमध्ये जॉर्ज ओहसावा यांनी १९६१ साली हा शब्द रूढ केला. वस्तू मात्र खूप जुनी. चीनमधील बौद्ध मठांत मांस वर्ज्य असल्याने तिथल्या स्वयंपाक्यांनी गव्हाच्या पिठातला चिवट भाग वेगळा काढून त्याचे नाना पदार्थ केले. चिनी भाषेत त्याला ‘पिठाचे स्नायू’ अशा अर्थाचे नाव आहे. अकराव्या शतकातला चिनी विद्वान शन क्वो याने तर लोखंडातून पोलाद कसे निघते हे समजावताना पीठ धुऊन निघणाऱ्या या गोळ्याचाच दाखला दिला. जपानी स्वयंपाकात त्याला ‘फू’ म्हणतात. आपल्याकडे राजस्थानात ‘चक्की की सब्जी’ होते, ती हीच. धुतलेल्या कणकेचा गोळा उकडून, वड्या पाडून, तळून दह्याच्या रश्श्यात सोडतात.

महाराष्ट्रातल्या बायकांना या कामाचे अर्धे प्रशिक्षण आधीच मिळालेले असते. उन्हाळ्यात कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवून वाटतात, पिळून चीक काढतात आणि उरलेला चोथा गुरांना घालतात. फार तर त्याच्या भुसवड्या घालतात. गव्हातली चिवट प्रथिने त्या चोथ्यातच राहतात. सेतान करणारा नेमके उलट करतो. चीक पाण्याबरोबर सोडून देतो आणि चिवट भाग ठेवतो.

गव्हात ग्लुटेनिन आणि ग्लायडिन अशी दोन प्रथिने असतात. पीठ भिजवून मळले की ती एकमेकांत गुंततात आणि जाळे तयार होते. तेच ग्लुटेन. पुरणपोळीची कणीक तार धरते ती याच्याच जोरावर. हे जाळे पाण्यात विरघळत नाही, पिठूळ भाग मात्र वाहून जातो. सगळी युक्ती एवढीच.

एक किलो मैदा, चमचाभर मीठ आणि लागेल तसे पाणी घेऊन पोळीच्या कणकेपेक्षा जरा घट्ट गोळा मळावा. दहा मिनिटे चांगला तिंबावा. इथे आळस केला तर पुढे गोळा पाण्यात विरतो. मग तो गार पाण्यात बुडवून तासभर ठेवावा. कोंडा असलेली कणीक घेतली तरी चालते, पण कोंड्याने जाळे तुटते आणि धुताना जीव मेटाकुटीला येतो. पहिल्या खेपेला मैदाच बरा.

आता परातीत पाणी घेऊन गोळा चोळत राहावे. पाणी दुधासारखे पांढरे होते. ते पातेल्यात काढून दुसरे घ्यावे. तिसऱ्या पाण्याला गोळा फाटतो, तुकडे होतात, सगळे बिघडले असे वाटते. तिथे थांबू नये. तुकडे चाळणीत गोळा करून दाबत राहिले की ते पुन्हा एकमेकांना धरतात. पाच-सहा पाण्यांनंतर पाणी जवळजवळ स्वच्छ दिसू लागते आणि हातात पिवळट, रबरासारखा लवचिक गोळा उरतो. किलोभर मैद्यातून साधारण पाव किलोच्या आसपास. हा हिशेब पाहून कुणाला हे महाग वाटेल, म्हणून पातेल्यातले पांढरे पाणी ओतून देऊ नये. रात्रभर स्थिर ठेवून वरची निवळ काढावी. खाली बसलेला चीक मीठ-हिंग घालून शिजवावा, वर तेल घ्यावे किंवा दूध-साखर. सकाळची न्याहारी झाली.

गोळा अर्धा तास निथळू द्यावा. त्यात आले-लसूण वाटण, मीठ आणि मिरपूड मळून घालावी. मसाला सहजासहजी मुरत नाही, दाबून दाबून घालावा लागतो. मग गोळा लांब ओढून, पीळ देऊन त्याची गाठ मारावी. कोंबडीसारखे धागे सुटतात ते या पिळामुळे. कांदा, लसूण, मिरे, तमालपत्र आणि थोडा सोया सॉस घातलेल्या पाण्यात तो मंद आचेवर पाऊण तास ठेवावा. पाणी खदखदता कामा नये. जोरात उकळले की गोळा फुगून स्पंजासारखा होतो. त्याच पाण्यात गार करून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला तर पोत सुधारतो. बहुतेकांचा पहिला प्रयत्न सायकलच्या ट्यूबसारखा होतो, त्याचे कारण घाई.

दुसऱ्या दिवशी सुरी न लावता हातानेच तुकडे तोडावेत. कडा ओबडधोबड राहिल्या तरच वरचे आवरण नीट धरते. तुकडे दाबून पाणी काढावे, नाहीतर कढईतले तेल अंगावर उडते. दही, तिखट, आले-लसूण लावून तासभर ठेवावेत. मैद्यात थोडे कॉर्नफ्लोअर, मीठ, मिरपूड आणि चिमूटभर बेकिंग पावडर मिसळावी. तुकडा या पिठात घोळवून ताकात बुडवावा आणि परत पिठात घोळवावा. मध्यम तापलेल्या तेलात तीन-चार मिनिटांत सोनेरी होतो. आत कच्चे राहण्याची भीती नाही, कारण तो आधीच शिजलेला आहे.

चव हुबेहूब कोंबडीची लागते का? नाही. खाणाऱ्याला फसवण्याच्या हेतूने करणाऱ्यांची निराशाच होईल. कुरकुरीत आवरण, आतला चावा आणि मसाला या तिन्हींचे समाधान मात्र मिळते, आणि मुलांना बऱ्याचदा हवे असते ते तेवढेच. मांसासारखे दिसते म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांनी ताट सारले तर त्यांना आग्रह करू नये. त्याच तुकड्यांची दह्यातली राजस्थानी भाजी त्यांना आवडू शकेल.

प्रथिने भरपूर असली तरी ती कोंबडीच्या तोडीची नाहीत. गव्हात लायसिन हे अमायनो आम्ल कमी असते. ते डाळींत भरपूर असते. म्हणून गोळा मळताना दोन चमचे बेसन घालावे किंवा जेवणात वरण ठेवावे. ब जीवनसत्त्वातले बी-१२ सेतानमध्ये मुळीच नाही, त्यासाठी दूध-दही सोडू नये. तळलेले रोज खायचे नाही हे वेगळे सांगायला नको.

एक गोष्ट मात्र टाळता येणार नाही. सिलिअॅक या विकारात ग्लुटेनमुळे लहान आतड्याला इजा होते. गव्हाचा आणि या आजाराचा संबंध डच डॉक्टर विलेम डिके यांनी दाखवून दिला, त्याला सत्तर वर्षे उलटून गेली. उत्तर भारतात शंभरातल्या सुमारे एकाला हा आजार असतो आणि कित्येकांना तो असल्याचे ठाऊकही नसते. सेतान म्हणजे जवळजवळ निव्वळ ग्लुटेन. ज्या मुलाचे पोट वारंवार बिघडते, वजन वाढत नाही, रक्त सतत कमी असते, त्याला हा पदार्थ देण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. पाहुण्यांनाही ‘ओळखा पाहू काय आहे’ असे म्हणत वाढू नये. आधी सांगावे, मग ताट पुढे करावे. तळण्याच्या कढईतल्या त्याच तेलात गहू न खाणाऱ्यासाठी पापडही तळू नये.

पीठ धुण्याचा कंटाळा असेल तर बेकरीचे सामान विकणाऱ्या दुकानात ग्लुटेनची तयार पावडर मिळते. एक वाटी पावडर, दोन चमचे बेसन आणि पाऊण वाटी पाणी एवढ्यात पाच मिनिटांत गोळा तयार होतो. पुढची कृती तीच. उकडलेला गोळा रश्श्यात बुडवून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस चांगला राहतो. तळायचे मात्र आयत्या वेळी, कारण गार झाल्यावर आवरण मऊ पडते आणि आतला भाग पुन्हा रबरी लागू लागतो.