रॉड, बादली आणि काळवंडलेला प्लग
घरातली वीज : लेखांक ६

व्होल्ट आणि अँपिअर यांची ओळख गेल्या आठवड्यात झाली. हे दोन आकडे हाती आले की आणखी दोन मिळतात. व्होल्टला अँपिअरने भागलं की रोध, म्हणजे ओहम. दोन्ही गुणले की शक्ती, म्हणजे वॉट. सूत्रं एवढीच आहेत. आज ती पाणी तापवायच्या रॉडवर वापरून पाहू.

रॉडवर लिहिलेलं असतं : २३० व्होल्ट, १५०० वॉट. १५०० ला २३० ने भागा, प्रवाह साडेसहा अँपिअर येतो. आता २३० ला या ६.५ ने भागा, रोध सुमारे ३५ ओहम. तापल्यावर रॉडच्या आतल्या नायक्रोम तारेचा रोध थोडासाच वाढतो, म्हणून ३५ हाच आकडा धरून चालू.

डिसेंबरातली सकाळ, गावाच्या टोकाचं घर, आणि व्होल्टेज उतरून १८० वर आलेलं. शक्ती किती उरेल? व्होल्टेज पाचव्या हिश्शाहून थोडं अधिक घटलं, तर शक्तीही तेवढीच घटेल असं बहुतेकांना वाटतं. पण रोध तोच असल्याने प्रवाहही घटून ५.१ अँपिअर होतो. १८० गुणिले ५.१ म्हणजे ९१८ वॉट. दोन्ही आकडे एकदम उतरले, म्हणून शक्ती जवळजवळ चाळीस टक्क्यांनी गेली. पंधरा लिटरची बादली २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला पूर्ण व्होल्टेजवर साडेसतरा मिनिटं लागतात. आता साडेअठ्ठावीस लागतील. पाण्याला लागणारी ऊर्जा मात्र दोन्ही वेळा तेवढीच, पाऊण युनिटही नाही, अर्ध्याच्या आतच. (बादलीतून निसटणारी उष्णता इथे धरलेली नाही.)

व्होल्टेजच्या या चढउताराने, रोधाच्या एककाला ज्याचं नाव मिळालं त्या खुद्द गेओर्ग ओहमलाही छळलं होतं. कोलोनमध्ये शिकवत असताना त्याने आधी रासायनिक घट वापरले. त्यांचं व्होल्टेज टिकेना आणि त्यावरून काढलेला नियम चुकीचा निघाला. मग त्याने तांबं आणि बिस्मथ यांचा सांधा केला, एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं बर्फात ठेवलं. दोन टोकांच्या तापमानातल्या फरकातून व्होल्टेज मिळालं; तापमान हलेना, म्हणून व्होल्टेजही हलेना. आज आपण सहज करतो तो भागाकार या चिकाटीतून आला. १८२७ साली त्याने तो पुस्तकरूपाने मांडला.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. रॉडचा प्लग तपकिरी पडलेला, एक पिन काळवंडलेली, असं तुमच्याही घरी असेल. सॉकेटची पकड सैल झाली की त्या जागी रोध तयार होतो. तो अर्धाच ओहम आहे असं समजा. त्यातून साडेसहा अँपिअर जातात, म्हणजे त्या सांध्यावर सव्वातीन व्होल्ट पडतात. गुणाकार करा : सुमारे २१ वॉट. शिसं वितळवणारा कारागिराचा सोल्डरिंग आयर्न बहुधा २५ वॉटचा असतो. तेवढी उष्णता अर्ध्या घनसेंटीमीटर जागेत, प्लास्टिकला चिकटून, रोज सकाळी. आणि तापलेली पितळी पकड आणखी ढिली होते, रोध वाढतो, उष्णताही वाढते.

एमसीबी, म्हणजे प्रवाह फार वाढला की वीज तोडणारा स्विच, इथे काही करत नाही. त्याला एकूण प्रवाह तेवढाच दिसतो, किंबहुना किंचित कमी. म्हणून प्लग हाताला गरम लागला तर मेन स्विच बंद करून सॉकेट आणि प्लग दोन्ही बदलून घ्या, रॉडसाठी १६ अँपिअरचंच. फक्त प्लग बदललात तर जुन्या सॉकेटची सैल पकड नवी पिनही जाळेल.